अनामिकेचं देणं

दंडाची बेटकुळी फुगवून दाखवायची हौस लहानपणी कुणाला नसते? पण ही बेटकुळी ज्या स्नायूची, तो बायसेप्स दंडाच्या हाडाला कुठेही चिकटलेला नसतो. त्याची वरची दोन्ही मुळं खांद्याच्या फऱ्यावर असतात, एक खांद्याच्या सांध्याच्या अगदी वरच्या कडेला आणि दुसरं फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाला. तिथून तो दंडाच्या हाडावरून नुसता खाली उतरतो, कोपर ओलांडतो आणि अंगठ्याच्या बाजूचं जे हाड, रेडियस, त्याच्या आतल्या उंचवट्याला जाऊन घट्ट बसतो. कोपर वाकवण्याचं रोजचं कष्टाचं काम त्याच्याखाली झाकलेला ब्रेकिआलिस करतो. बायसेप्स त्याला मदत करतो, पण त्याचं खास काम निराळं आहे. कोपर काटकोनात ठेवा, दुसऱ्या हाताने दंड धरा आणि जमिनीकडे असलेला तळहात आकाशाकडे वळवा. कोपर हललेलं नसतं, तरी बेटकुळी हाताखाली टणक होते. रेडियसला फिरवणारा तोच.

स्नायू असे दुरून काम करतात, हे मला पहिल्यांदा दाखवलं ते देह ठेवून गेलेल्या एका आजोबांनी. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला नागपुरात होते. डिसेक्शन हॉलमधल्या फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी यायचं, वास केसांतून जायचा नाही. टेबलावरच्या आजोबांचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरला होता आणि घरच्यांनी त्यांचा शब्द पाळला, एवढंच माहीत. अ‍ॅनाटॉमीच्या मॅडम कडक होत्या. हॉलमध्ये मोठ्याने हसणं त्यांना खपत नसे. एके दिवशी त्यांनी आजोबांच्या हाताची ताठरलेली बोटं सावकाश चोळून सैल केली, मनगटाच्या वर मोकळ्या केलेल्या टेंडनांपैकी एक चिमट्यात धरली आणि म्हणाल्या, "बोटाकडे बघा, माझ्याकडे नको." टेंडन ओढली. आजोबांची अनामिका वाकली.

वर्गात चिडीचूप. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात, ती वाकवणारे स्नायू कोपराजवळ आणि हाताच्या पुढल्या भागात असतात आणि लांब टेंडनांनी दुरून बोटं ओढतात, हे पुस्तकात वाचलं होतंच. पण वाचणं वेगळं. मूठ आवळताना हाताचा पुढचा भाग कसा फुगतो, ते त्या दिवसानंतर मी कितीतरी दिवस स्वतःच्या हातावर बघत राहिले. त्या आजोबांचं मी देणं लागते. आज पेशंटच्या हाताला बोट लावताच आत कोणती टेंडन कुठून जाते ते मला दिसतं, ती दृष्टी त्यांनी दिली.

बाकीचं पाठांतर होतं. ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, अ‍ॅक्शन असे वहीत चार रकाने आखायचे आणि होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत घोकायचं. पाठांतराला मी कधी कमी लेखत नाही, ते नसेल तर पुढचं काही उभंच राहत नाही. पण या चार रकान्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मला शिकवलं ते कापूस वेचणाऱ्या एका बाईने. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

इंटर्नशिपच्या काळात काही महिने विदर्भातल्या एका कुष्ठरुग्णालयात होते. मावशी तिथे आल्या तेव्हा पन्नाशीच्या असतील. औषधाचा कोर्स पूर्ण झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हापासून कुष्ठरोग गोळ्यांनी पुरता बरा होतो. मावशींच्या अंगात जंतू राहिले नव्हते. मात्र मेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही. हा जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतो, त्यामुळे कातडीजवळून जाणाऱ्या नसा त्याच्या तावडीत आधी सापडतात. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती अल्नर नस कोपराच्या मागे अगदी वरवर असते. मीडियन नस मनगटापाशी वर येते. मावशींच्या उजव्या हातात या दोन्ही नसा याच दोन ठिकाणी गेल्या होत्या.

त्याचा परिणाम असा. तळहातातले सगळे बारके स्नायू निकामी झाले. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथे मावशींच्या हातात खळगा पडला होता. त्या उंचवट्यातले स्नायू मनगटाच्या हाडांपासून आणि तिथल्या आडव्या पट्ट्यापासून निघून अंगठ्याच्या हाडांना मिळतात आणि अंगठ्याला तळहातापासून उचलून बोटांसमोर आणतात. तेच गेल्यावर अंगठा बोटांच्या रांगेत जाऊन पडला होता. मूठ वळायची, कुदळ धरता यायची, पण चिमूट होत नव्हती. आणि कापूस वेचायचा म्हणजे सगळं काम चिमटीचं. बोंड फुटलं की पाकळ्यांमधून कापूस अंगठा आणि बोटांनी ओढून काढायचा, ओटीत टाकायचा, पुढच्या बोंडाकडे हात न्यायचा. मावशी दोन्ही तळव्यांत बोंड दाबून ओरबाडायच्या. काडीकचरा यायचा, मालक ओरडायचा. बोटांना जाणीव नसल्यामुळे वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी जखमा व्हायच्या आणि रक्त दिसेपर्यंत कळायचं नाही.

सर्जननी अंगठ्याचं ऑपरेशन ठरवलं. बोटांचं वाकडेपण आधीच्या ऑपरेशनने बरंच सुधारलं होतं. आता अनामिकेची एक टेंडन काढून अंगठ्याला द्यायची होती. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन टेंडन असतात. वरची मधल्या पेराला चिकटते, तिच्याखालून जाणारी खोलवरची थेट शेवटच्या पेरापर्यंत पोचते. वरची दिली तरी खालची बोट वाकवू शकते. पण खालची नीट चालते आहे ना, ते आधी बघावं लागतं, कारण अनामिकेच्या खालच्या स्नायूची नस बहुधा अल्नरच असते आणि मावशींची अल्नर तर गेलेली. सर्जननी त्यांना अनामिकेचं टोक वाकवायला सांगितलं. वाकलं. नसतं वाकलं तर मधल्या बोटाकडून टेंडन मागावी लागली असती. वरच्या स्नायूला जाणारे मीडियनचे फाटे कोपराजवळच निघतात, आजार मनगटापाशी, म्हणून तो स्नायू धडधाकट होता. माझ्या वहीतला तिसरा रकाना, नर्व्ह सप्लाय, कशासाठी असतो ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं. नस कुठे दुखावली यावरून कोण गेलं आणि कोण वाचलं हे ठरतं, आणि वाचलेल्यांकडून मागून घेता येतं.

ऑपरेशनच्या आधी माझं काम एकच, अनामिकेचा वरचा स्नायू एकटा चालवायला मावशींना शिकवायचं. वाचकांनी हे स्वतःच्या हातावर करून पाहावं. हात उताणा ठेवा, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी दुसऱ्या हाताने सरळ दाबून धरा आणि अनामिका वाकवा. मधल्या पेरापाशी बोट काटकोनात उभं राहतं, पण टोक मात्र सैल पडलेलं असतं, हलवून पाहिलं तर लोंबतं. खोलवरच्या टेंडना चारही बोटांना मिळून ओढतात. बाकीची तीन बोटं अडवल्यामुळे त्या अडकल्या आणि काम एकट्या वरच्या स्नायूकडे आलं. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ खाटेवर बसून हे करायच्या. बोटांत जाणीव नाही, म्हणून डोळा बोटावरून हलू द्यायचा नाही.

ऑपरेशनमध्ये सर्जननी त्या टेंडनचं बोटातलं टोक सोडवलं, ती मनगटापर्यंत मागे घेतली, करंगळीकडच्या कडेने वळसा देऊन तळहाताच्या कातडीखालून अंगठ्याच्या मुळापर्यंत नेली आणि शिवली. वरचा स्नायू जिथल्या तिथे, त्याचं मूळ कोपराजवळ होतं तसंच, नस तीच, रक्तपुरवठा तोच. बदललं ते फक्त दुसरं टोक.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, कातडी सुटत होती. पाण्यात भिजवून, तेल लावून मी तो टेबलावर ठेवला आणि बाकीची बोटं धरून म्हटलं, "मावशी, अनामिका वाकवा."

अंगठा उचलला गेला. थोडासाच, पण तळहातापासून सुटून बोटांच्या समोर आला.

मावशींनी हात मागे घेतला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "बाई, तुमी म्हणता बोट वाकव. मी बोटच वाकवतो, अन् हालते आंगठा. त्याले कोनं सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण पुस्तकी. टेंडन बदलली, मेंदूला हळूहळू नवी सवय होते, असं काहीतरी मी सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पटत मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्यायामाला आल्या त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"अवं पोरी, रातभर इचार केला. तू मोटेचा बैल पाह्यला का? मी लहानपनी माह्या बापाच्या वावरात पाह्यला. बैलाले काय मालूम पानी काय असते, हिर काय असते! तो त् नुसता वढते. नाडा ज्याले बांधला, थे वर येते. या डाक्टरनं नाडा सोडून दुसऱ्या जागी बांधला. बैलाले त्याचा पत्ताच नाई."

मी खुर्चीवर बसून राहिले. स्नायूला एकच गोष्ट येते, आखडणं, म्हणजे ओढणं. ढकलणं त्याला येत नाही. वाकवणं, सरळ करणं, उचलणं, फिरवणं ही सगळी नावं आपण त्याच्या कामाला देतो, आणि ती ठरतात तो सांध्याच्या कोणत्या बाजूने जातो आणि पलीकडे कुठे चिकटतो त्यावर. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या वरच्या उंचवट्याला मिळतो म्हणून गुडघा सरळ करतो. बैठकीच्या हाडापासून निघणारा मांडीमागचा स्नायू गुडघ्याच्या मागून जातो म्हणून तोच गुडघा वाकवतो. पोलिओने पुढचा स्नायू गेलेल्या मुलांमध्ये मागच्यातलाच काही भाग सर्जन पुढे वाटीला आणून जोडत असत, आणि गुडघा वाकवणारा स्नायू गुडघा सरळ करायला शिकायचा. चार रकान्यांपैकी पहिले दोन नीट समजले की चौथा पाठ करावा लागत नाही, तो आपोआप निघतो. हे मावशींनी एका रात्रीत, मोटेच्या आठवणीवरून शोधून काढलं होतं.

पुढचे आठवडे मी अजून विसरलेले नाही. सुरुवातीला दर वेळी मावशी ओठांतल्या ओठांत "बोट, बोट" म्हणायच्या, तेव्हा अंगठा यायचा. स्पंजचा मोठा तुकडा उचलायचा, मग लाकडी ठोकळा, मग बाटलीचं बूच. जोर लावायला मनाई, शिवण सुटायची भीती. आमच्या विभागात सरकीसकट कापसाची एक टोपली मावशींनीच गावाकडून मागवली होती. एका दुपारी त्या शेजारणीशी तिच्या सुनेबद्दल गप्पा मारत होत्या आणि बोलता बोलता टोपलीतून कापूस उचलून बाजूला ठेवत होत्या. "बोट, बोट" नाही, हाताकडे नजरही नाही. मी हातातलं काम थांबवलं, पण त्यांना टोकलं नाही. संध्याकाळी विचारलं, अनामिका आठवायची कधी थांबली? त्यांनाही सांगता आलं नाही. मला त्यात एकच खटकलं, नजर. जाणीव नसलेल्या हाताला डोळ्याचा पहारा लागतोच, हे मी त्यांना त्या रात्री दटावून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलंही.

त्याच सुमारास पुरुषांच्या वॉर्डात एक तरुण आला. त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या हाडाच्या मानेवरून वळसा घेणारी नस गेली होती. पाय वर उचलणारे स्नायू लुळे, चालताना चवडा खाली लोंबायचा, म्हणून तो गुडघा उंच उचलून पाय आपटत चालायचा. नडगीच्या मागे खोलवर एक स्नायू असतो, टिबिआलिस पोस्टेरिअर. त्याची टेंडन आतल्या घोट्याच्या मागून तळपायाला जाते आणि पाऊल आत वळवते. त्याची नस वेगळी, खोलवर सुरक्षित. सर्जननी ती टेंडन पुढे आणून पावलाच्या पाठीवर बसवली. प्लास्टर काढल्यावर तो मुलगा सगळी ताकद लावून पाऊल वर उचलायला बघायचा आणि काहीच व्हायचं नाही. चार लोकांसमोर तो रडला. मी समजावत होते, तेवढ्यात व्यायामाला आलेल्या मावशी पलीकडून उठून आल्या, त्याच्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वर नोको करू लेका. आत वळव. जुनंच काम कर."

त्याने पाऊल आत वळवायचा प्रयत्न केला आणि चवडा वर आला. पुढे त्या वॉर्डात नव्या ऑपरेशनच्या पेशंटना पहिला धडा मावशीच द्यायच्या. मी शेजारी उभी राहून वहीत लिहून घ्यायचे.

या शस्त्रक्रिया आपल्याकडे आल्या त्या डॉ. पॉल ब्रँड यांच्यामुळे. तामिळनाडूत जन्मलेले हे ब्रिटिश सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी एका वाकड्या बोटांच्या रुग्णाला आपला हात दाबायला सांगितला, आणि त्या पकडीने त्यांना कळ आली. हाताच्या पुढल्या भागातले स्नायू जिवंत आहेत, नुसते जिवंत नाहीत, दणकट आहेत, हे त्या कळीतून त्यांच्या ध्यानात आलं. तोवर हा हात सडतोच, त्याचं काही करता येत नाही, असं सगळे धरून चालले होते. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर केलेलं काम महाराष्ट्रातल्या माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टना परिचयाचं आहे. या मोठ्या माणसांचं ऋण आहेच. पण ज्याने ब्रँड यांचा हात दाबला त्या माणसाचंही मी तेवढंच मानते. त्याने सगळा जोर लावला म्हणून पुढचं सगळं झालं.

आज माझ्याकडे बहुतेक पेशंट गुडघेदुखीचे, पाठदुखीचे, खुब्याच्या ऑपरेशननंतरचे येतात. मोटेचा बैल तिथेही रोज उपयोगी पडतो. खुब्याच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू असतो, कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत. पुस्तकात त्याचं काम लिहिलेलं असतं, मांडी बाजूला नेणं. पण दिवसभरात मांडी बाजूला नेतं कोण? चालताना एक पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि दुसरा हवेत. रोवलेल्या पायाची मांडी हलू शकत नाही, म्हणून हा स्नायू उलट कमरेला धरून ठेवतो, हवेतल्या पायाच्या बाजूला ती कलू देत नाही. तो कमजोर असला की माणूस पावलागणिक झुकतो. जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली ही खूण नोंदवली, आणि आजही दारातून आत येणाऱ्या पेशंटमध्ये मी ती सगळ्यात आधी शोधते. पाठीवरचा रुंद लॅटिसिमसही असाच. तो पाठीच्या कण्यापासून आणि कमरेपासून निघून दंडाच्या हाडाच्या पुढे चिकटतो. हात मोकळा असेल तर हाताला खाली आणि मागे ओढेल. पण मल्लखांबाची दोरी घट्ट धरून मुलगी लटकली की हात हलत नाही, सगळं अंग वर जातं. ओरिजिन आणि इन्सर्शन पुस्तकाच्या सोयीसाठी आहेत. जे टोक रोवलेलं, ते जागेवर राहतं, आणि जे मोकळं, ते हलतं.

मावशी पुढे गावी गेल्या. कापूस वेचायला गेल्याच, पण बोटांना फडक्याच्या पट्ट्या बांधून. रोज रात्री हात दिव्याखाली धरून एकेक बोट तपासायचं, भिजवायचं, तेल लावायचं, हे वचन मी त्यांच्याकडून घेतलं होतं, आणि त्यांच्या भाच्याकडून कळायचं की ते त्या पाळत होत्या. एका दिवाळीच्या आधी तोच भाचा रुग्णालयात आला आणि कागदाची एक पुडी माझ्या हातात ठेवून गेला. आत फुलवाती होत्या, त्यांच्या स्वतःच्या हातच्या.

फुलवात करताना कापसाचा छोटा पुंजका घेऊन त्याचं टोक अंगठा आणि बोटांच्या शेंड्यांमध्ये पीळ देऊन बारीक करावं लागतं. अंगठा समोर आला नाही तर ते जमतच नाही. पुडीतल्या बऱ्याच वातींचं टोक ताठ आणि घट्ट होतं. काहींचा पीळ सैल होता, बहुधा हात थकल्यावर वळलेल्या. मी पुडी घेऊन सरळ सर्जनांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक वात डोळ्याजवळ धरून तिचं टोक पाहिलं, आणि घरच्या देवासाठी म्हणून त्यातल्या काही माझ्याकडून मागून घेतल्या.